धुराड्यातून वारा उतरणारं घर

बहरीनहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? समुद्रावरून सौदीला जाणारा लांबच लांब पूल, वाळवंटात एकटंच उभं असलेलं झाड, काचेचे उंच मनोरे? मी म्हणते, पाहिलं, गाडीतून. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. पण खरं तेच आहे. माझा तिथला मुक्काम बराचसा एका फाटकाला चिकटलेल्या दोन खोल्यांच्या घरात गेला. त्या घराबद्दल सांगायचं म्हटलं की ते नीट जागेपणी पाहिलं की दुपारच्या डुलकीत, असा माझा मलाच संशय येतो. म्हणून विसरायच्या आत लिहून ठेवते आहे.

ईसा टाउन

माझी धाकटी बहीण मंदा आणि तिचे यजमान श्रीकांत ईसा टाउनमध्ये राहतात. सकाळी गल्लीत शाळेच्या बसांची रांग लागते, आणि निम्म्या मुलांच्या डब्यात पोळीभाजी असते. माझी भाची सई माझं सगळं मराठी समजते आणि सगळ्याला इंग्रजीत उत्तर देते. "मावशी, यू आर सो फनी," हे तिचं माझ्याबद्दलचं एकंदर मत. मी चिपळूणची. नोकरी रत्नागिरीला झाली. मुलांना इमारतींची ड्रॉइंगं काढायला शिकवण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर मंदा म्हणाली, हिवाळ्यात ये, उन्हाळ्यात इथे माणसाची पापडी होते. म्हणून गेले.

पहिल्याच आठवड्यात रुकय्याभाभी घरी आल्या. मंदाचे ब्लाउज त्या शिवतात. बारीक अंगाच्या, बोलताना हाताने हवेत कापड मोजणाऱ्या. मी चिपळूणची म्हटल्यावर त्यांनी हातातली पिशवीच खाली ठेवली.

"मी दाभोलची! म्हंजे एकाच खाडीच्या आपन, ताई. तुमी वरच्या तोंडाला, आमी खालच्या." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमी घरां काडायला शिकवताव ना? मग माजा घर बगायला चला. बारीकसा हाय, पन असा घर तुमी बगलेला नसणार."

त्यांचे यजमान दाऊदभाई एका जुन्या बागेची राखण करतात, आणि बागेच्या फाटकाशीच हे कुटुंब राहतं, एवढं मंदाने सांगितलं. "बघण्यासारखं काय असणार," असं मला वाटलं. तरी गेले.

बुदैयाच्या रस्त्याला

बेटाच्या वायव्येला, बुदैयाच्या बाजूला, अजून खजुराच्या बागा शिल्लक आहेत. गाडी एका लांब भिंतीच्या कडेने गेली आणि भिंत संपते तिथे थांबली. समोर लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या उजव्या खांबाला टेकून ते घर.

मी गाडीतून उतरायचं विसरले.

समोर होतं ते चक्क लॉज. लॉज म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडसमोरची "राहण्याची व जेवणाची उत्तम सोय" आठवते. इंग्लंडमध्ये त्या शब्दाचा आणखी एक अर्थ होता. मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटीला फाटक असायचं आणि फाटकाशी एक टुमदार घर. आत राखणदाराचं कुटुंब. बग्गी आली की घरातलं कुणीतरी धावत येऊन फाटक उघडायचं. आपल्याकडच्या देवडीची विलायती बहीणच म्हणा. धन्याच्या हवेलीची ऐट पाहुण्याला दारातच कळावी म्हणून या घरांवर फार नखरा केलेला असे. मी वर्गात अशा घरांचे नकाशे फळ्यावर काढले होते. प्रत्यक्ष एकही पाहिलं नव्हतं. आणि आता ते माझ्यासमोर खजुराच्या झावळ्यांच्या सावलीत उभं होतं, दुधात कालवलेल्या बेसनाच्या रंगाचं.

सगळं जिथल्या तिथे होतं. उभ्या उताराचं छप्पर. छपराच्या कडेला लाकडी फळ्यांची कातरलेली झालर. भिंतीतून पुढे झुकलेली तीन अंगांची खिडकी, आत बसूनच रस्त्याच्या दोन्ही टोकांवर नजर राहावी म्हणून. आणि वर धुराडं. पण भिंत इंग्लंडातली नव्हती. गिलावा उडाला होता तिथे आतला दगड दिसत होता, समुद्रातून काढलेला, भोकाभोकांचा. त्यात शिंपल्या अडकलेल्या. झालरीवर विलायती पानं नव्हती, खजुराचे घोस होते.

दाऊदभाई फाटक उघडून आले. उंच, किंचित वाकलेले, दाढी मेंदीने रंगवलेली. "या, या. यल्ला, आत चला, चाय मांडली हाय."

दार इतकं बुटकं की मी वाकले. आत पाऊल टाकलं आणि मानेवर गार झुळूक उतरली. पंखा नाही, एसी नाही. मी वर पाहिलं. हे घर बांधणाऱ्या गवंड्याने इंग्लंड कधी पाहिलंच नव्हतं, दाऊदभाई सांगू लागले. बागेचे जुने मालक मोत्यांचे व्यापारी. विलायतेत कुणा गिऱ्हाइकाच्या इस्टेटीवर पाहुणे राहिले होते. परत आल्यावर गवंड्याला तोंडीच वर्णन करून म्हणाले, असं बांध. गवंड्याने सगळं मुकाट ऐकलं. धुराड्याशी मात्र तो अडला. या मुलखात घरात जाळ कशाला पेटवायचा? मग त्याने त्याच्या अकलेप्रमाणे धुराडं बांधलं, पण वरून चारी बाजूंनी उघडं ठेवलं आणि आत फुलीसारख्या उभ्या भिंती घातल्या. समुद्राचा वारा वर अडतो आणि खाली उतरतो. शेगडीच्या कोनाड्यात, जिथे विलायतेत लाकडं जळतात, तिथे रुकय्याभाभींचं शिलाई मशीन होतं. मशीनवरचा कपडा आपोआप हलत होता.

वर आढ्याला खारफुटीचे वासे, त्यावर खजुराच्या झावळ्यांची चटई. मी खाली गादीवर बसून वर बघत राहिले. तांदळाची भाकरी आणि साफी माशाचं सालन जेवले. साफी म्हणजे तिथला लहान चविष्ट मासा. नारळ घातल्यावर तो थेट दाभोळचा झाला होता. मग मला झोप लागली. परक्या घरात, पहिल्याच भेटीत. जाग आली तेव्हा खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर पसरलं होतं, मशीन हळू चालू होतं आणि मी क्षणभर कोणत्या गावात, कोणत्या वयात आहे ते मला कळेना.

"रोज या," रुकय्याभाभी म्हणाल्या. "बगून घ्या. हे आता जास्ती दिस नाय."

काय होणार होतं ते

बाग विकली गेली होती. जुन्या मालकांचे नातू आता कर्ते होते. तिथे व्हिला उठणार होते, आणि फाटक अरुंद म्हणून बांधकामाचे ट्रक आत जाईनात. तेव्हा सगळ्यात आधी हे घर पडणार होतं. त्या नातवांतला मोठा, खालिद, येऊन सांगून गेला होता.

"आमच्या आफरीनची बारावीची परीक्षा होईपरेंत ऱ्हावा म्हनाले," दाऊदभाई म्हणाले. "मंग गावाला. व्हिसा त्यांच्याच नावावर. फकत मामांना सांगायचा नाय."

"कोणाच्या मामांना?"

दोघंही हसले. तिकडे घरच्या मालकिणीला नोकरमाणसं 'मामा' म्हणतात. खालिदच्या आईला. वय झालेल्या, गुडघे गेलेल्या. मनामात मुलाकडे असतात, पण हिवाळ्यात शुक्रवारी इथे येतात, तीन अंगांच्या खिडकीत बसून चहा पितात आणि जातात. बाग विकल्याचं मुलांनी त्यांना सांगितलं नव्हतं. तब्येत बिघडेल म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

मी ठरवलं, पडायच्या आधी या घराची मापं घेऊन ड्रॉइंग करायचं. मनामाच्या हुरा भागात जाऊन कागद आणला. तिथे एका हॉटेलात चहा प्यायला बसले तर गल्ल्यावरचा माणूस म्हसळ्याचा निघाला आणि आग्रहाने समोसे बांधून दिले. परतताना चुकीच्या बसमध्ये चढले आणि अर्धं बेट फिरून आले; समोसे वाटेतच संपले.

मग रोज सकाळी श्रीकांत कामावर जाताना मला बागेपाशी सोडू लागले. टेपचं एक टोक मी धरायची, दुसरं रुकय्याभाभी. एकदा भिंत मोजताना त्या म्हणाल्या, "पह्यल्यांदा आले तवा मला वाटला, एवढ्याशा घरात कसा ऱ्हायचा? मंग आफरीन झाली. या खिडकीत तिला बसवायची नि बाहेरच्या गाड्या दाखवायची." आणि त्या टेप गुंडाळू लागल्या.

आफरीन शाळेतून यायची, ओढणी खुंटीला टांगायची आणि पुस्तकं घेऊन खिडकीत बसायची. एकदा तिने हळूच सांगितलं, "आंटी, अम्मीला लाय करता नाही येत. शी गेट्स फीवर." मी हसले. ती हसली नाही. "आय जस्ट नीड टिल मार्च," ती म्हणाली.

शुक्रवार

दुपारी मोठी गाडी आली. ड्रायव्हरने आणि दाऊदभाईंनी मिळून मामांना आत आणलं. काळ्या पायघोळ अबायात लहानशा दिसत होत्या. खिडकीतल्या बैठकीवर बसल्यावर मात्र त्या एकदम मोठ्या झाल्यासारख्या वाटल्या. त्यांची आणि माझी भाषा एक नव्हती. आमच्यामध्ये रुकय्याभाभी होत्या.

माझ्या हातातला कागद पाहून त्यांनी काहीतरी विचारलं.

"इचारतात, ही बाई काय काडते?" रुकय्याभाभींनी मला सांगितलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांना अरबीत काहीतरी सांगून टाकलं. "मी म्हटला, तुमाला जुनी घरां आवडतात."

मामांना ते फार आवडलं. त्या खुलल्या. सांगू लागल्या, मी नवी नवरी होते तेव्हा उन्हाळ्यात सगळं खटलं या बागेत राहायला यायचं. मोठ्या घरात सासू, नणंदा, मुलं, माणसंच माणसं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायची चोरी. मग नवरा राखणदाराला काहीतरी काम काढून बाजारात पाठवायचा, "मासे आण", "दोरी आण", आणि आम्ही दोघं इथे या धुराड्याखाली येऊन बसायचो. राखणदार हुशार होता. तो कधीच लवकर परत यायचा नाही. रुकय्याभाभी हे मराठीत सांगताना लाजल्या आणि पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड लपवून हसल्या. मामाही हसत होत्या. बाहेर खजुराच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या, आणि मला वाटलं ही दुपार अशीच राहील, कुणी हलू नये.

मग मामांनी भिंतीवरून हात फिरवला. गिलाव्याचा तुकडा हातात आला. त्यांनी दाऊदभाईंना काही सांगितलं. दाऊदभाई खाली बघून म्हणाले, "इंशाल्ला."

मी रुकय्याभाभींकडे पाहिलं. त्या तुटक तुटक बोलल्या, "म्हनतात, गिलाव्याला जिप्सम मागव. चांगला गवंडी आन. पुडच्या हिवाळ्याला या बाईला परत बोलवा, घर नवा झालेला बगायला."

आफरीन दारात उभी होती. रुकय्याभाभींनी तिच्याकडे पाहिलं. मायलेकी किती वेळ एकमेकींकडे बघत होत्या कोण जाणे. मग आफरीनने मान किंचित हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. तिच्या आईला कळलं असावं.

रुकय्याभाभी मामांच्या पायाशी बसल्या, त्यांचा हात धरला आणि बोलू लागल्या. अरबीतले मला एवढेच शब्द कळले: "मामा", आणि शेवटी "खलास".

दाऊदभाई भिंतीला टेकले. चहाचा पेला मामांनी जपून खाली ठेवला. चपला मागितल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला गेटाबाहेर नाही, आत न्यायला सांगितलं. गाडी बागेच्या प्रत्येक पायवाटेवरून सावकाश फिरताना आम्ही खिडकीतून पाहत राहिलो. मग ती बाहेर पडली आणि गेली. त्यांनी रुकय्याभाभींकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

"काय केलास गो तू," दाऊदभाई म्हणाले. रागाने नव्हे. दमलेल्या आवाजात.

"मला मामांना पुडचा हिवाळा दाखवता नाय आला," रुकय्याभाभी म्हणाल्या. "नसलेला."

सलमानिया

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा खालिद तिथेच होता. पांढरा स्वच्छ पायघोळ झगा, डोळे लाल. दाऊदभाईंशी तो हिंदीत बोलत होता. "मैंने क्या बोला था? एक बात बोला था! मम्मा का प्रेशर ऊपर गया, हॉस्पिटल में है. अब व्हिसा मफी. सब मफी. समझा?"

मफी म्हणजे तिकडच्या हिंदीत 'नाही, संपलं'. दाऊदभाई "जी" एवढंच म्हणाले. आफरीन पुस्तक छातीशी धरून खिडकीत बसली होती. ती रडत नव्हती, पान उलटत होती आणि वाचत नव्हती.

खालिद गेल्यावर रुकय्याभाभी उठल्या. स्टीलच्या डब्यात भाताची पातळ पेज भरली. "ताई, माज्यासंगं येताव?" मी कागदांची गुंडाळी काखेत मारून तशीच निघाले.

सलमानियाच्या मोठ्या दवाखान्यात मामांच्या खोलीबाहेर खालिद बसला होता. आम्हाला बघून तो उठला, वाट अडवून. तेवढ्यात आतून हाक आली. आवाज बारीक होता, पण खालिद बाजूला झाला. दाऊदभाईही मागून पोचले होते.

मामा पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांनी आधी पेजेचा डबा उघडायला लावला, दोन चमचे खाल्ले. मग दाऊदभाईंना विचारलं, "जिप्सम मागवलंस का?"

दाऊदभाईंनी खालिदकडे पाहिलं.

मग त्या मुलाशी बोलल्या. बराच वेळ, आवाज न चढवता. रुकय्याभाभी माझ्या कानाशी सांगत होत्या. नवऱ्याच्या मागे बायकोला आठवा हिस्सा मिळतो. मामांचाही बागेत होता. मुलांनी विक्रीचं सगळं ठरवलं होतं, पण आईची सही घ्यायची राहिली होती. बँकेच्या कागदांबरोबर हळूच घेऊन टाकू, असा त्यांचा विचार.

"म्हनतात, तुमी सगळा विका. मी अडवत नाय. माजा आठवा हिस्सा मला दारावरचाच पायजे, घरासकट."

खालिद काहीतरी म्हणाला. ट्रक, फाटक, कंत्राटदार, असं असावं. मामांनी त्याचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. "त्या बाईचा कागद आणा."

मी गुंडाळी पलंगावर उलगडली. घर, फाटक, भिंत, आणि मागे अंदाजाने आखलेली बाग. मामांनी खुणेने पेन्सिल घ्यायला सांगितली. मी घराभोवती रेघ आखली, फाटकासकट. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि बोटाने रेघ मागे ढकलल्यासारखं केलं. मी खोडून थोडी मागे, बागेच्या बाजूला आखली. पुन्हा बोट. आणखी थोडं. आता रेघेच्या आत पाण्याचा जुना पाट आला. पुन्हा बोट. आता पाटापलीकडची खजुराची एक ओळ आली. तिथे त्या थांबल्या. आयुष्यभर मी किती नकाशे काढले असतील. ही रेघ मात्र मी दोनदा गिरवली.

"ट्रक मागच्या बाजूने आणा," मामा मुलाला म्हणाल्या. "मागे भिंत पाडा. माझ्या दारातून नाही." आणि दाऊदभाईंचा व्हिसा यापुढे त्यांच्या स्वतःच्या, मामांच्या नावावर, हेही त्याच आवाजात.

खालिद खोलीबाहेर गेला. काचेतून मला दिसत होता, भिंतीकडे तोंड करून उभा. मला त्याच्याबद्दल राग येईना. आईशी खोटं बोलून तिला सुखात ठेवायचं, असं त्याने खरंच ठरवलं असेल. आपल्याकडेही हे काय कमी चालतं?

शेवटची दुपार

हे झालं म्हणजे सगळं वाचलं असं नाही. मी निघायच्या आधीच बागेच्या मागच्या टोकाला भिंत पडली आणि झाडं तुटायला लागली. खजूर पडतो तेव्हा कडकड असा आवाज होत नाही. जड ओलं गाठोडं टाकल्यासारखा दबका आवाज येतो. रुकय्याभाभी मशीन थांबवायच्या, पडेपर्यंत वाट पाहायच्या आणि मग पुन्हा टीप घालायला लागायच्या. वारा आता पूर्वीसारखाच उतरत होता, पण त्याबरोबर भुसाही येत होता. आफरीनने पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घातली.

मी निरोप घ्यायला गेले त्या दिवशी मामांना दवाखान्यातून सोडलं होतं. खालिद त्यांना घेऊन आला. दाऊदभाईंनी सांगितलं, दवाखान्यातल्या त्या दिवसापासून मामा त्याच्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. तो गाडी चालवतो आणि औषधं आणतो.

मामा नेहमीच्या जागी बसल्या, पण रस्त्याकडे नव्हे, बागेकडे तोंड करून. आम्ही खाली बसलो. खालिद दाराबाहेर फाटकाला टेकून उभा होता, फोनकडे बघत. दूर एक झाड पडलं. मग आणखी एक. वरून वारा उतरला, मामांच्या डोक्यावरचं कापड हललं, त्यांनी डोळे मिटले. झोपल्या असं वाटलं.

मग सावली हलली. खालिद दारात आला होता. उंच माणूस, पार वाकून आत शिरला आणि कुठे बसावं ते न कळून जिथे जागा होती तिथे, मशीनच्या शेजारी खालीच बसला. पांढऱ्या झग्याला कापडाचे दोरे चिकटले. लहानपणानंतर तो या खोलीत पहिल्यांदाच बसत होता, असं दाऊदभाईंनी मागाहून सांगितलं.

"चाय है?" त्याने रुकय्याभाभींना विचारलं. कुणीतरी परक्याने विचारावं तसं, दबकत.

रुकय्याभाभींनी पेला भरून त्याच्यापुढे ठेवला आणि साखरेचा डबा उचलला. तेवढ्यात मामांनी डोळे उघडले, हात पुढे केला आणि डबा स्वतःकडे घेतला. लेकाकडे न बघताच त्या एक शब्द बोलल्या.

तो मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चमचा डब्यावर थांबलेला होता, आणि त्या विचारत होत्या, किती घालू?